टेम्सकाठचा सिनेमा कारखाना

१९१२ च्या फेब्रुवारीत धुंडिराज गोविंद फाळके लंडनला गेले, तेथे जेमतेम दोन आठवडे राहिले आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला परत आले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. परेश मोकाशी यांच्या २००९ मधील ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने तो प्रवास पडद्यावरही आणला. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसताच आत शिरलेले फाळके, त्यांना परावृत्त करू पाहणारे आणि मग त्यांच्या जिद्दीपुढे नरमलेले संपादक, आणि त्यांच्या ओळखीने उघडलेले एका स्टुडिओचे दार, असा हा क्रम आपल्याला पाठ आहे. मात्र ज्याने ते दार उघडले त्या गृहस्थाची ओळख आपल्या पुस्तकांत बहुधा एका ओळीत आटोपते: ‘सेसिल हेपवर्थ नावाचे इंग्रज निर्माते’. हा माणूस कोण होता आणि त्याच्या स्टुडिओत पाहण्यासारखे काय होते, हे ठाऊक नसेल तर फाळके तेथून नेमके काय घेऊन आले हेही नीट उमगत नाही. शिवाय त्या स्टुडिओची कथा स्वतंत्रपणेही सांगण्याजोगी आहे. तो वाढला कसा हे जितके रंजक, तितकेच तो बुडाला कसा हे चटका लावणारे.

हेपवर्थचा जन्म १८७४ चा, म्हणजे तो फाळक्यांहून चार वर्षांनी लहान. वडील टी. सी. हेपवर्थ हे जादूच्या कंदिलाचे नावाजलेले व्याख्याते. काचेवरची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि शेजारी उभे राहून त्यांवर बोलायचे, हा त्यांचा व्यवसाय होता. (त्याच सुमारास आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाच खेळ करत होते. चित्रपटाची वाट मोकळी करणारी माणसे दोन्हीकडे एकाच पेशातली असावीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.) लहानग्या सेसिलचे बालपण दिवे, भिंगे आणि रसायने यांच्या संगतीत गेले. चित्रपट अवतरला तेव्हा त्याने वयाची विशी नुकतीच ओलांडली होती आणि कंदिलासाठी केलेला एक नव्या धर्तीचा आर्क दिवा त्याच्या खात्यावर जमा होता. १८९७ मध्ये त्याने हलत्या चित्रांच्या तंत्राची मुळाक्षरे गिरवून घेणारे एक लहानसे पुस्तक लिहिले. ब्रिटनमध्ये या विषयावरचे ते पहिलेच हस्तपुस्तक मानले जाते. धंदा अजून धड उभाही राहिला नव्हता आणि या तरुणाने त्याची क्रमिक पोथी छापली होती.

त्यानंतर तो चार्ल्स अर्बन या अमेरिकन गृहस्थाच्या लंडनमधील कंपनीत नोकरीला लागला. तेथे त्याने फिल्म धुण्याचे एक यंत्र रचले. त्या काळी चित्रित झालेली फीत तुकड्यातुकड्यांनी चौकटीवर गुंडाळून रसायनाच्या टाकीत बुडवत असत. डाग पडत, धुलाई कमीजास्त होई, वेळ जाई तो वेगळाच. हेपवर्थच्या यंत्रात फीत एका टोकाने आत शिरे, एकामागून एक टाक्यांतून सरकत जाई आणि दुसऱ्या टोकाला धुऊन, वाळून बाहेर येई. यंत्राचे पेटंट त्याने स्वतःच्या नावे घेतले होते. म्हणूनच नोकरी सुटली तेव्हा यंत्र त्याच्यापाशीच राहिले. १८९९ मध्ये चुलतभाऊ मॉन्टी विक्स याला भागीदार करून त्याने लंडनच्या नैऋत्येला टेम्स नदीकाठच्या वॉल्टन या गावी एक लहानसे घर भाड्याने घेतले. दोघांच्या आडनावांची मोडतोड करून ‘हेपविक्स’ हे व्यापारी नाव तयार झाले.

आरंभी बेत चित्रपट काढण्याचा नव्हताच. दुसऱ्यांच्या फिती धुऊन, छापून देण्याचा तो धंदा होता. घराच्या खोल्यांत धुलाई, वाळवण आणि छपाई चाले. पण धुलाईला पुरेसा माल येईना, तेव्हा माल आपणच तयार करावा असा विचार पुढे आला आणि परसात लाकडी फळ्यांचा एक छोटा मंच उभारला गेला. ऊन हाच दिवा. वाऱ्याने पडदे हलू नयेत म्हणून ते ताणून बांधायचे, आणि ढग आला की थांबायचे. ब्रिटनमधील सर्वांत दीर्घायुषी ठरलेल्या स्टुडिओंपैकी एकाची सुरुवात ही अशी परसात, भाजीच्या वाफ्याच्या जागी म्हणावी तशी झाली.

पहिल्या वर्षांतल्या फिती एखाद-दुसऱ्या मिनिटाच्या. १९०० मधील दोन फितींची आजही आठवण काढली जाते. एकीत रस्त्यावरून मोटार थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येते, येतच राहते, पडदा व्यापते आणि क्षणात काळोख होतो. त्या काळोखावर फितीवरच खरडलेली काही अक्षरे लुकलुकतात. ‘गाडीखाली सापडल्यावर कसे वाटते’ अशा अर्थाचे तिचे नाव. दुसरीत मोटारीचा स्फोट होतो आणि आकाशातून पडणारे माणसांचे अवयव एक पोलीस शांतपणे गोळा करून त्यांची जुळवाजुळव करू लागतो. मोटार हे वाहन तेव्हा इंग्लंडच्या रस्त्यांवर नवखे होते. त्याची धास्ती आणि त्याची थट्टा या दोन्ही गोष्टी एका मिनिटात मावलेल्या पाहिल्या की परसातल्या या तरुणाला प्रेक्षकाची नस सापडली होती हे पटते.

१९०१ च्या फेब्रुवारीत महाराणी व्हिक्टोरियाची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा हेपवर्थ व्हिक्टोरिया स्थानकासमोर कॅमेरा घेऊन उभा होता. त्या कॅमेऱ्याचा खडखडाट भयंकर होता. नि:शब्द रस्त्यावर तो आवाज घुमला, तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटल्याचे त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद केले. त्याच्याच सांगण्यानुसार, आवाजाने नव्या राजाचे, सातव्या एडवर्डचे, लक्ष वेधले आणि चित्रण नीट व्हावे म्हणून त्याने मिरवणूक क्षणभर थांबवली. यात आत्मचरित्रकाराचे तिखटमीठ किती, हे ठरवण्याचे साधन आपल्यापाशी नाही. पण गोष्ट सुरेख आहे.

१९०३ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी पर्सी स्टो याने ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ काढला. लुईस कॅरोलच्या पुस्तकाचे हे पडद्यावरचे पहिले रूप. लांबी ८०० फूट, म्हणजे सुमारे बारा मिनिटे, आणि तोवरच्या कोणत्याही ब्रिटिश चित्रपटापेक्षा अधिक. अ‍ॅलिसची भूमिका मे क्लार्क या मुलीने केली. ती स्टुडिओत पडेल ते काम करणारी कर्मचारी होती. बेडकाच्या तोंडाचा नोकर झाला स्वतः हेपवर्थ, ससा आणि राणी ही दोन्ही कामे केली त्याच्या पत्नीने. नटांना पैसे देण्याची ऐपत नव्हती हे एक कारण. दुसरे असे की त्या वेळी चित्रपटात काम करणे प्रतिष्ठित नटाला कमीपणाचे वाटत असे. जो फीत धुतो तोच रंग फासून कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि जी स्त्री घर सांभाळते तीच राणी होते, अशी ही घरगुती मंडळी होती.

या घरगुतीपणाचे परमोच्च फळ म्हणजे १९०५ चा ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’. दिग्दर्शन लेविन फिट्झहॅमनचे, कथा सौ. हेपवर्थ यांची. साडेसहा मिनिटांत ती अशी घडते. दाई बाबागाडीतून तान्ह्या मुलीला फिरायला नेते. वाटेत एका भिकारणीला झिडकारते, पुढे एका शिपायाशी गप्पांत रंगते आणि तेवढ्यात भिकारीण मुलीला पळवते. दाई घरी येऊन रडतरडत सांगते. ते ऐकणारा घरचा कुत्रा खिडकीतून उडी घेतो, रस्त्याने धावतो, नदी पोहून जातो, गरिबांच्या वस्तीत एकेका दारात शिरून पाहतो आणि शेवटी माळ्यावर मुलीला शोधून काढतो. मग त्याच वाटेने उलटा घरी येतो, मालकाला ओढत नेतो आणि मूल परत मिळते. आई म्हणजे सौ. हेपवर्थ, बाप म्हणजे हेपवर्थ, तान्ही मुलगी त्यांची स्वतःची आणि कुत्राही घरचाच, नाव ब्लेअर. भिकारीण आणि शिपाई यांच्यासाठी मात्र दोन व्यावसायिक नट घेतले होते. एकूण खर्च ७ पौंड, १३ शिलिंग आणि ९ पेन्स.

चित्रपटाच्या इतिहासकारांना या साडेसहा मिनिटांचे एवढे कौतुक का, याचे उत्तर कुत्र्याच्या धावण्यात आहे. घर ते माळा हे अंतर प्रेक्षक तीनदा पाहतो: कुत्रा जाताना, कुत्रा परतताना आणि मालकाला घेऊन पुन्हा जाताना. रस्ता, कोपरा, नदी, वस्ती, दार हे टप्पे प्रत्येक वेळी तेच आणि त्याच क्रमाने (परतताना अर्थात उलट) येतात. त्यामुळे दुसऱ्या फेरीपर्यंत तो परिसर प्रेक्षकाच्या ओळखीचा होतो. कुत्रा आता कोठे आहे आणि किती अंतर उरले आहे हे कोणी न सांगता कळते, आणि म्हणूनच उत्कंठा वाढते. त्याआधीच्या बहुतेक चित्रपटांत प्रत्येक दृश्य म्हणजे नाटकाचा एक प्रवेश असे. येथे दृश्ये एकमेकांना जोडून एक अखंड हालचाल उभी केली आहे. आज कोणताही पाठलाग पाहताना आपण हे गृहीतच धरतो. १९०५ मध्ये ते गृहीत नव्हते. तीन वर्षांनी अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथने आपला पहिला चित्रपट काढला, तोही पळवलेल्या मुलीचाच होता.

त्या काळात प्रती भाड्याने देण्याची पद्धत रुळली नव्हती. खेळवाले प्रत विकतच घेत. ‘रोव्हर’च्या जवळजवळ चारशे प्रती विकल्या गेल्या. प्रती काढताकाढता मूळ निगेटिव्ह झिजून गेले, म्हणून तोच चित्रपट दृश्यागणिक पुन्हा चित्रित केला. तेही निगेटिव्ह झिजले, तेव्हा तिसऱ्यांदा. पौंडांत एक आकडी खर्चाच्या चित्रपटाची प्रत्येक प्रत दहा पौंडांवर विकली जात होती, यावरून धंद्याचा अंदाज यावा. कुत्रा ब्लेअर हा ब्रिटिश पडद्यावरचा पहिला तारा ठरला असे म्हणण्याची प्रथा आहे, आणि ती अगदीच विनोदी नाही. १९०८ च्या एका चित्रपटात तर तो चक्क मोटार चालवून मुलाला घरी आणतो.

या पैशांतून परसाच्या जागी काचेच्या छताचा, आर्क दिव्यांनी उजळणारा स्टुडिओ आला. उन्हाची मनधरणी करण्याचे दिवस संपले. पगारी नटनटींचा संच तयार झाला. अल्मा टेलर आणि क्रिसी व्हाइट या दोन किशोरींच्या खोड्यांची ‘टिली’ ही विनोदी मालिका लोकप्रिय झाली. ग्रामोफोनच्या तबकडीबरोबर चित्र चालवण्याची ‘व्हिव्हाफोन’ नावाची युक्ती हेपवर्थने १९१० च्या सुमारास काढली आणि तीवर गाणीच नव्हे, तर राजकीय पुढाऱ्यांची भाषणेही ऐकवली. पण या सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच होती. कथा ठरवण्यापासून नेपथ्य, चित्रण, धुलाई, छपाई, जोडकाम आणि विक्रीपर्यंतची प्रत्येक पायरी एकाच आवारात होती, आणि मालकाला प्रत्येक पायरीचे काम स्वतःच्या हाताने येत होते.

फाळके १९१२ मध्ये जेथे पोहोचले, ते हे आवार. त्यांच्या विमा पॉलिसी गहाण पडल्या होत्या, काही काळापूर्वी डोळ्यांनी दगा दिला होता, आणि हिंदुस्थानच्या हवेत हा उद्योग जमणार नाही असे लंडनमध्येही बजावले जात होते. हेपवर्थने त्यांना साऱ्या विभागांतून फिरू दिले आणि चित्रण कसे चालते तेही दाखवले. धंद्यातली गुपिते जपण्याचा तो जमाना होता हे लक्षात घेतले तर ही लहान गोष्ट नव्हे. पण गुपिते राखणे हा हेपवर्थचा स्वभावच नसावा. ज्याने तेविसाव्या वर्षी आपल्या विद्येची मुळाक्षरे छापून विकली, तो पंधरा वर्षांनी दारात आलेल्या जिज्ञासूला कशाला अडवेल? फाळक्यांनी संपादक आणि हेपवर्थ यांच्या सल्ल्याने पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म मागवली आणि फितीच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र घेतले.

ही खरेदी बारकाईने पाहिली पाहिजे. नुसते चित्रण करून फीत दुसऱ्या कोणाकडे पाठवण्याचा विचार असता, तर कॅमेरा पुरे होता. भोके पाडण्याचे यंत्र तोच घेतो, ज्याला कच्च्या फितीपासून तयार प्रतीपर्यंत सारे आपल्या छपराखाली करायचे आहे. फाळके मुळात छापखान्यातले, लोणावळ्याला आणि मुंबईला शिळाप्रेस व ब्लॉकमेकिंगचा व्यवसाय केलेले. धुलाई आणि छपाईची परिभाषा त्यांना परकी नव्हती. वॉल्टनमध्ये त्यांना परदेशी चमत्कार दिसला असे मला वाटत नाही. आपल्यासारखाच एक हरहुन्नरी माणूस घर आणि कारखाना एकत्र चालवताना दिसला असावा, आणि हे आपल्यालाही जमेल याची खात्री पटली असावी. दादरला परतल्यावर त्यांनी जे उभारले त्याचा आराखडा हाच होता. सरस्वतीबाई अंधारात बसून फितीला भोके पाडत, रसायने कालवत आणि कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाकही करत. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो थोरला मुलगा भालचंद्र. पुढे ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. हेपवर्थची तान्ही मुलगी बाबागाडीतून पळवली गेली, त्याचेच हे दादरचे रूप.

१९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले, ते आपले तयार चित्रपट बरोबर घेऊन. तेथील व्यावसायिकांना त्यांनी ते दाखवले आणि ‘बायोस्कोप’ने त्यांची प्रशंसा केली. हेपवर्थने त्यांना लंडनमध्येच राहून आपल्यासाठी हिंदी विषयांवर चित्रपट काढण्याचे आमंत्रण दिले आणि त्यांनी ते नाकारले, असे फाळक्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. दोन वर्षांपूर्वी शिकायला आलेल्या माणसाला गुरूच नोकरीवर ठेवू पाहतो, यातच सारे आले. त्याच वर्षी युद्ध पेटले आणि दोघांच्याही वाटा बदलल्या.

युद्धापूर्वीची दोन-तीन वर्षे वॉल्टनच्या वैभवाची होती. टॉमस बेंटलेने तेथे डिकन्सच्या कादंबऱ्या पडद्यावर आणल्या, त्यांत १९१२ चा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आणि १९१३ चा ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ हे प्रमुख. १९१३ मध्येच रंगभूमीवरचा श्रेष्ठ नट जॉन्स्टन फोर्ब्ज-रॉबर्टसन याचा ‘हॅम्लेट’ चित्रित झाला. राजपुत्राचे वय विशी-तिशीतले आणि नट साठीचा! एल्सिनोरचा किल्ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लुलवर्थच्या खाडीकाठी उभारला होता. हा चित्रपट सुदैवाने उपलब्ध आहे. मूकपटात शेक्सपिअर म्हणजे बोलल्याविना कीर्तन, हे खरेच. पण त्या नटाची हालचाल पाहताना शब्दांची उणीव मधूनमधून विसरायला होते.

युद्धाने माणसे नेली, बाजार नेला, आणि ती पोकळी अमेरिकन चित्रपटांनी भरून काढली. हेपवर्थ डगमगला नाही, पण बदललाही नाही. त्याच्या चित्रपटांत इंग्लंडचे हिरवे माळ, झाडांच्या रांगा आणि सांजप्रकाश अप्रतिम दिसत. छायाचित्रकार म्हणून त्याची नजर वादातीत होती. मात्र एका दृश्यावरून दुसऱ्यावर झटकन उडी मारणे त्याला असंस्कृत वाटे. प्रत्येक दृश्य हळूहळू अंधारात विरावे आणि पुढचे हळूहळू उजळावे, हा त्याचा आग्रह. कुत्र्याला गल्लीबोळांतून सुसाट धावायला लावून ज्याच्या कारखान्याने जगाला वेग शिकवला, त्याचेच चित्रपट पंधरा वर्षांनी चित्रांचा संग्रह चाळावा तसे संथ झाले. तिकडे ग्रिफिथ आणि त्याचे अनुयायी तोच वेग घेऊन प्रेक्षकाला खुर्चीच्या टोकावर आणून बसवत होते.

नटांशी वागण्याची त्याची रीतही जुन्या घरमालकाची होती. स्ट्यूअर्ट रोम हा त्याचा लोकप्रिय नायक. हे नाव कंपनीने दिलेले, नटाचे खरे आडनाव रायट. युद्धानंतर त्याने दुसऱ्या कंपनीत जायचे ठरवले, तेव्हा ‘स्ट्यूअर्ट रोम’ हे नाव आमच्या मालकीचे, ते येथेच ठेवून जा, असे म्हणत हेपवर्थ कंपनी न्यायालयात गेली. करारात तसे कलमही होते. न्यायालयाने ते मानले नाही. ज्या नावाने माणसाने कीर्ती मिळवली ते काढून घेणे म्हणजे त्याची उपजीविकाच काढून घेणे, असा निकालाचा आशय होता. इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजूनही सापडतो. कुटुंबासारखी चालणारी संस्था मोठी झाली की कुटुंबप्रमुखाला माणसेही आपलीच वाटू लागतात. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांच्या इतिहासात याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

१९१९ मध्ये कंपनीची पुनर्रचना झाली आणि भव्य विस्ताराचे बेत आखले गेले. जमीन घेतली, नव्या स्टुडिओंचे नकाशे काढले, वीज निर्माण करण्यासाठी पराभूत जर्मनीच्या पाणबुड्यांतली इंजिने खरेदी करून त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधली. पैसा उभारायला भाग विक्रीला काढले, पण ते पुरेसे खपले नाहीत. कर्ज काढून काम पुढे रेटले. १९२३ मध्ये ‘कमिन’ थ्रू द राय’ या आपल्याच १९१६ मधील चित्रपटाची त्याने नवी आवृत्ती काढली. ती त्याची स्वतःची सर्वांत आवडती कृती होती. ती येईपर्यंत घर वासे फिरलेले होते. १९२४ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

यापुढची घटना चित्रपटाच्या कोणाही अभ्यासकाला अस्वस्थ करते. रिसीव्हरचे काम धनकोंचे पैसे वसूल करण्याचे. गोदामात पंचवीस वर्षांची निगेटिव्ह रचून ठेवलेली होती. त्या मूकपटांना आता गिऱ्हाईक नव्हते, आणि चित्रपट जपून ठेवणारी संस्था तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हतीच. फितीवरच्या रसायनात चांदी असते आणि खुद्द कचकड्यालाही किंमत येते. निगेटिव्ह मालाच्या भावाने विकली गेली आणि वितळवली गेली. त्या माणसाने हाती पैसा आणि कसब नसल्याची नुसती सबब पुढे केली असेही म्हणता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याने आपले कर्तव्यच केले. ‘रोव्हर’सारखे चित्रपट वाचले ते केवळ त्यांच्या शेकडो प्रती जगभर विखुरल्या होत्या म्हणून. ज्यांच्या प्रती कमी निघाल्या होत्या ते लांब पल्ल्याचे, त्याच्या उमेदीच्या काळातले चित्रपट बहुतांशी नाहीसे झाले. ‘अ‍ॅलिस’ची एकच जीर्ण प्रत उरली. तिच्यावर उपचार करून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये ती पुन्हा पाहण्याजोगी केली, तरी बारांपैकी तीनेक मिनिटे गेली ती गेलीच. येथेही आपल्याला आपले घर आठवल्यावाचून राहत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती, आज त्या नावाने जतन झालेली रिळे दोनच.

हेपवर्थ त्यानंतर एकोणतीस वर्षे जगला. ज्याचा स्वतःचा स्टुडिओ होता त्याने दुसऱ्यांच्या चित्रपटांच्या जाहिरातफिती तयार करण्याची नोकरी पत्करली. कंदिलवाल्या वडिलांप्रमाणे गावोगाव व्याख्यानेही दिली. ब्रिटिश चित्रपटाचा आरंभीचा इतिहास लिहून काढण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले आणि त्या कामातून रेचल लो यांचा इतिहासग्रंथ उभा राहिला. १९५१ मध्ये त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात कडवटपणा फारसा नाही. १९५३ मध्ये तो निवर्तला. फाळके नऊ वर्षे आधी, १९४४ मध्ये, नाशिकला विपन्नावस्थेत गेले होते.

वॉल्टनचा स्टुडिओ मात्र मालकाबरोबर संपला नाही. १९२६ मध्ये आर्चिबाल्ड नेटलफोल्ड याने तो घेतला आणि पुढे तो त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९२७ च्या कायद्याने ब्रिटिश चित्रपटगृहांना ठरावीक प्रमाणात स्वदेशी चित्रपट दाखवणे बंधनकारक केले, तेव्हा त्या सक्तीपुरते झटपट आणि स्वस्त चित्रपट काढणाऱ्यांची येथे रीघ लागली. त्यांच्याविषयी न लिहिलेलेच बरे. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या ब्रुकलंड्सचा विमान कारखाना बाँबहल्ल्यात सापडला आणि त्याचे काही काम स्टुडिओच्या आवारात हलवण्यात आले. युद्धानंतर १९५१ मध्ये अ‍ॅलेस्टर सिमचा ‘स्क्रूज’ येथे तयार झाला. नाताळात तो इंग्लंड-अमेरिकेत अजून आवर्जून पाहिला जातो. १९५५ पासून टेलिव्हिजनसाठी ‘रॉबिन हूड’ची मालिका येथे चित्रित झाली. निर्माती हॅना वाइनस्टाइन हिने अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत टाकलेल्या लेखकांना टोपणनावांनी काम दिले. रिंग लार्डनर धाकटे हे त्यांच्यापैकी एक. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्याची कथा, आणि तीही बहिष्कृत लेखकांनी लिहिलेली, वॉल्टनच्या झाडीत साकार होत होती.

मालिका संपली, टेलिव्हिजनच्या पैशांचा ओघ आटला आणि साठच्या दशकाच्या आरंभी स्टुडिओ जमीनदोस्त झाला. त्या जागी दुकाने आणि रस्ते आले. त्यांतल्या एका रस्त्याला हेपवर्थचे नाव आहे.

मधल्या काळात एक चित्रपट मात्र अनपेक्षितपणे परत आला. ‘हेलन ऑफ फोर गेट्स’ हा १९२० चा. मूळ कादंबरी कापडगिरणीत काम केलेल्या एथेल कार्नी होल्ड्सवर्थ या लेखिकेची, आणि प्रमुख भूमिका ‘टिली’ मालिकेतून मोठ्या झालेल्या अल्मा टेलरची. इतर निगेटिव्हबरोबर हाही गेला असेच सारे धरून चालले होते. २००८ च्या सुमारास त्याची एक प्रत कॅनडात, माँट्रियलच्या चित्रपट संग्रहालयात आढळली. चित्रण झाले होते यॉर्कशरमधील हेब्डन ब्रिजच्या परिसरात. तेथील जुन्या चित्रपटगृहात २०१० मध्ये तो गावकऱ्यांना दाखवण्यात आला. नव्वद वर्षांपूर्वीचे आपले डोंगर आणि दगडी घरे लोकांनी पडद्यावर ओळखली.

वॉल्टनमध्ये जुन्या आवारातली एक इमारत अजून उभी आहे. पाणबुड्यांच्या इंजिनांसाठी हेपवर्थने बांधलेली ती वीजघराची इमारत. कंपनी बुडाल्यावर, १९२५ मध्ये, तिचे नाट्यगृह झाले. ‘प्लेहाऊस’ हे त्याचे नाव, आणि गावातल्या हौशी मंडळ्या तेथे नाटके करतात.